रिकाम्या पेट्या किती

कावेरी मोहिते जन्माची भित्री. हलसूरच्या बाजारगल्लीत तिला ओळखणारं कुणीही हे सांगेल, आणि ती स्वतः तर सगळ्यांच्या आधी सांगेल. तिला कुत्र्याची भीती, लिफ्टची भीती, टपालानं आलेल्या तपकिरी पाकिटाची भीती. बसमध्ये कंडक्टरनं 'एल्लिगे?', कुठं जायचं, म्हणून जरा चढ्या आवाजात विचारलं की बाईला उतरायच्या स्टॉपचं नावच आठवेनासं होई. वाट चुकण्याच्या धास्तीनं तिनं शहरातल्या बसचे सगळे रस्ते मात्र पाठ करून ठेवले होते. तिचे पूर्वज म्हणे तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून, तलवार परजत इकडं आले. त्या तलवारीचं पुढं काय झालं कोण जाणे, कावेरीपर्यंत काही ती पोचली नाही.

लग्न झालं नाही. वडील खंडोजी गेल्यावर ती आणि आई अंबुबाई अशा दोघीच दोन खोल्यांत राहत होत्या. कावेरी एकाच जागी धीट असे, ती म्हणजे टाइपरायटरपुढं. बियाणं विकणाऱ्या एका कंपनीत तिनं एकोणीस वर्षं टाइपिंग केलं. न बघता, न चुकता. तिचं मशीन इतकं जुनं होतं की त्यावर एकच्या आकड्याचं बटणच नव्हतं. त्या काळच्या टायपिस्टांना त्याचं काही वाटत नसे. एक हवा असला की इंग्रजीतला लहान 'एल' मारायचा. कागदावर तो एकसारखाच दिसतो, साहेबही खूश आणि आपणही मोकळे.

ती कंपनी बंद पडली, आणि १९९४ च्या उन्हाळ्यात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कावेरीला इंदिरानगरात नवी नोकरी मिळाली. एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं चौकशी केंद्र होतं. काम एकच. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या तेव्हा शहरात मोजक्याच नर्सिंग होममध्ये होत्या. कुठं पेटी रिकामी आहे हे कळत नसल्यानं आईबाप तसलं एवढंसं बाळ घेऊन दारोदार फिरत, आणि फिरण्यातच वेळ जाई. म्हणून अकरा नर्सिंग होमनी मिळून हे केंद्र काढलं होतं. कावेरीनं सकाळी नऊला आणि दुपारी तीनला अकरा ठिकाणी फोन करायचा, रिकाम्या पेट्यांचा आकडा कॉम्प्युटरमध्ये घालायचा आणि यादी छापून फोनशेजारी ठेवायची. एखाद्या लहान दवाखान्यातून फोन आला की यादी बघून सांगायचं, अमक्या ठिकाणी जा.

केंद्राचे प्रमुख डॉक्टर बिंदुमाधव आतल्या खोलीत बसत. निवृत्त झालेले, शिस्तीचे, कमी बोलणारे. अशा माणसांची कावेरीला सर्वांत जास्त भीती. ओरडणाऱ्या माणसाचं काय, तो ओरडून मोकळा होतो.

आणि तो कॉम्प्युटर! काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. एकेका नर्सिंग होमचं नाव दाखवून तो इंग्रजीत विचारी: रिकाम्या पेट्या किती? पूर्णांक द्या. त्या प्रश्नापुढं एक बारीक रेघ लुकलुकत राही. उत्तर दिल्याशिवाय पुढच्या नावाकडं जायची सोय नव्हती. ती रेघ आपल्याकडं बघतेय आणि वाट बघून बघून आता तिची सहनशक्ती संपत आलीय, असं कावेरीला वाटे. हे सगळं लिहून दिलं होतं त्रिविक्रम नावाच्या तरुण इंजिनियरनं. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होता आणि केंद्राचं काम शनिवारी येऊन हौसेनं करी. पोरगा गुणी, पण घाईतला. त्याच्या घरीही मराठीच बोलत, कानडी हेलाची.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. मल्लेश्वरमच्या नर्सिंग होमनं एक पेटी रिकामी असल्याचं सांगितलं. कावेरीच्या बोटांनी एकोणीस वर्षांच्या सवयीनं लहान 'एल' मारला. यादीत छापून आलं शून्य. दिवसभर फोन करणाऱ्यांना मल्लेश्वरमला जागा नाही म्हणून सांगितलं गेलं, आणि संध्याकाळी तिथूनच फोन आला, अहो, आमची पेटी सकाळपासून मोकळी आहे, कुणालाच का पाठवलं नाही?

बिंदुमाधवांनी तिला आत बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"कावेरीबाई, इथं आकडा चुकला म्हणजे पत्र चुकलं असं नाही. इथं प्रत्येक आकड्यामागं एक जीव आहे. पुन्हा असं झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

एवढंच. त्या रात्री कावेरीनं भाकरीचा तुकडाही मोडला नाही.

शनिवारी त्रिविक्रम आला. तिनं काय दाबलं ते बघून तो हसत सुटला आणि मग तिचा चेहरा बघून एकदम थांबला.

"अक्का, तुमची चूक स्वल्पच, माझी जास्त," तो म्हणाला. "तुम्ही काहीही दाबा, मशीनला आधी ती अक्षरंच मिळतात. त्या अक्षरांचा आकडा करायला एक तयार युक्ती आहे, मी ती वापरलीय. पण तिला आकडा सापडला नाही, तर ती तक्रार करत नाही. गुपचूप शून्य देते. म्हणून तुमच्या 'एल'चं शून्य झालं. आता बघा, मी पहाराच बसवतो."

त्यानं तासभर खुडबुड केली. मग तिच्यासमोर 'एल' दाबून दाखवला. कॉम्प्युटर कर्कश ओरडला आणि पडद्यावर आलं: चूक, पुन्हा द्या. नाव टाइप केलं, ओरडला. उणे तीन दिलं, ओरडला. काहीच न देता पुढं जाऊ पाहिलं, तरी ओरडला. तीन दिलं, तेव्हा गप्प बसून पुढं गेला.

"सरी? ठीक आहे ना?" त्रिविक्रमनं विचारलं. "आता तुम्ही ठरवलं तरी चूक करता येणार नाही."

कावेरीनं मान हलवली. शून्य देऊन बघायचं त्याच्याही डोक्यात आलं नाही आणि तिच्याही.

सोमवारी सकाळी जयनगरच्या नर्सिंग होमनं सांगितलं, सगळ्या पेट्या भरल्यात, एकही रिकामी नाही. कावेरीनं शून्य दाबलं. नीट बघून, शून्यच दाबलं. कॉम्प्युटर ओरडला. चूक, पुन्हा द्या. तिला वाटलं बोट घसरलं असेल. पुन्हा शून्य. पुन्हा तीच किंकाळी. तिनं दोन शून्यं देऊन पाहिली. 'नाही' असं इंग्रजीत लिहून पाहिलं. आतल्या खोलीत डॉक्टर खाकरले. झालं! ती रेघ लुकलुकतेय, खाली सहा नर्सिंग होम वाट बघतायत, आणि आत एक माणूस आहे ज्यानं दुसरी बाई बघेन म्हणून सांगितलंय. तिनं एक दाबला.

कॉम्प्युटर गप्प झाला. पुढचं नाव आलं.

खोटं सांगितलं, हे कावेरीला त्याच क्षणी कळलं होतं. ती मूर्ख नव्हती, भित्री होती. त्या दोन्हींत फरक आहे, परिणाम पुष्कळदा सारखाच होतो ही गोष्ट वेगळी. आत जाऊन 'डॉक्टर, हे शून्य घेत नाही' एवढं वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं तर डॉक्टर म्हणणार, पुन्हा तुमचंच काहीतरी! पहाराच मुळी तिच्या चुकीमुळं बसला होता. तिनं वेगळाच मार्ग काढला. यादी छापून आली की जिथं जिथं हा खोटा एक असेल तिथं ती पेन्सिलीनं शेजारी बारीक ठिपका देई. फोन तीच घेत असे, डबाही तिथंच टेबलाशी खाई. ठिपका दिसला की 'इल्ला', नाही, म्हणून सांगे. चुकायचा प्रश्नच नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. शनिवारी त्रिविक्रम येई तेव्हा ती जीभ उचलू बघे आणि तो 'सगळं बरं चाललंय ना, अक्का?' विचारून तिचं 'हो' ऐकायच्या आत पायऱ्या उतरलेला असे.

असे पाच आठवडे गेले. रोज सकाळी नऊला काळजाची धडधड सुरू व्हायची आणि यादीवर शेवटचा ठिपका पडेपर्यंत थांबायची नाही. त्यातल्याच चौथ्या आठवड्यात अंबुबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्या दिवशी कावेरी सकाळचे अकरा फोन आटोपून रजेवर गेली. त्या दिवशी तीनची फेरी होणार नव्हती, येणारे फोन तेवढे डॉक्टर बघणार होते. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून ती आईच्या डोळ्यासाठी इतकी घाबरली होती की बाकीच्या भीतींना त्या दिवशी रांगेत जागाच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काही विषय काढला नाही, तिनंही विचारलं नाही.

त्यानंतर बारा दिवसांनी, एका गुरुवारी, डोळा दाखवायला पुन्हा जायचं होतं. नऊची फेरी संपवून, चार ठिपके देऊन कावेरी पावणेदहाला निघाली आणि आईला घरी सोडून अकराला परत आली.

बिंदुमाधव तिच्या खुर्चीत बसले होते. चक्क प्रसन्न दिसत होते.

"बरं झालं आलात. आत्ता महादेवपुऱ्याहून फोन होता. तिथल्या दवाखान्याचा कंपाउंडर, परसू म्हणून. सातव्या महिन्यातलं बाळ, सव्वा किलो. लगेच जयनगरला पाठवलं. आपलं केंद्र नसतं तर कुठं कुठं फिरले असते ते!"

दीड किलोच्या आतलं बाळ असलं की आधी जयनगर बघायचं, असा डॉक्टरांचाच नियम होता. तिथल्या पेट्या नव्या आणि बाळांचा डॉक्टर दिवसभर हजर. कावेरीनं यादीकडं पाहिलं. जयनगर, एक. शेजारी पेन्सिलीचा ठिपका.

तिनं टेबल धरलं.

"कधी?"

"काय कधी?"

"कधी निघाले ते?"

"पावणेअकराला. रिक्षानं. बाळाची आजी आहे बरोबर. का?"

भीती म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, असं कावेरी बेचाळीस वर्षं समजत होती. त्या क्षणी तिला कळलं, आजवरचं सगळं नुसतं बिचकणं होतं. सव्वा किलो. पसरलेल्या दोन तळहातांत मावेल एवढा जीव कापसात गुंडाळून कुणीतरी रिक्षात बसलंय आणि तिच्या खोट्या एकाकडं चाललंय. नोकरी जाईल, डॉक्टर काय म्हणतील, हे विचार आले आणि लाज वाटून स्वतःच बाजूला झाले.

"डॉक्टर, जयनगरला पेटी नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. "जयनगरला एकही पेटी रिकामी नाही. तो एक मी घातला. मशीन शून्य घेत नाही. ठिपका असलेला एक खोटा असतो."

बिंदुमाधव यादीकडं बघत राहिले. "हे ठिपके... मला वाटलं, पेन्सिल टेकली असेल."

"नाही."

"किती दिवस?"

"पाच आठवडे."

ते ओरडले नाहीत. खुर्चीतून उठले आणि फोन तिच्याकडं सरकवून म्हणाले, "खऱ्या कुठं आहेत?"

सकाळी फ्रेझर टाउनला दोन होत्या. कावेरीनं नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. तिचं बोट डायलच्या भोकातून दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा लागला. तिथल्या सिस्टरनं सांगितलं, एक गेली, एक आहे, पण साडेबारापर्यंत ठेवेन. कुणी दारात आलं तर त्याला नाही म्हणता येणार नाही. डॉक्टरांनी जयनगरला फोन लावला. तिथं सगळं भरलेलं होतं. रिक्षा आली तर इकडं वळवा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. पण रिक्षा जयनगरला पोचून मग फ्रेझर टाउनला येणार म्हणजे आख्खं शहर ओलांडून परत. दोघांनीही घड्याळाकडं पाहिलं. रस्त्यात त्यांना निरोप द्यायचा कसा?

आणि इथं बाईची ती खुळी सवय कामाला आली, सगळे बसरस्ते पाठ असण्याची. महादेवपुऱ्याहून जयनगरला जायचं तर एक तर टिन फॅक्टरीवरून जुना मद्रास रस्ता आणि मग केंद्रासमोरचा हा शंभर फुटी रस्ता. नाही तर मारतहळ्ळीवरून विमानतळाचा रस्ता. कुठूनही आले तरी डोमलूरला यावंच लागणार.

"मी डोमलूरला जाते," कावेरी म्हणाली आणि चप्पल पायात अडकवायच्या आधीच जिन्यात होती.

रस्त्यात तिनं हात करून रिक्षा थांबवली. एरवी ती एकटी रिक्षात बसत नसे. डोमलूरच्या चौकात उतरून ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ऊन रणरणत होतं. येणाऱ्या प्रत्येक रिक्षात ती वाकून बघायची. परसूला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं, फोनवरचा आवाज तेवढा ओळखीचा. एका रिक्षात शाळेची पोरं, एकात नारळाची पोती, एकात नवरा-बायको, तिच्याकडं वेड्यासारखे बघत निघून गेलेले. बसवाले हॉर्न मारत होते. पोलिसानं 'एनम्मा, सायलिक्के बंदिद्दीया?' म्हणून विचारलं. मरायला आलीस का? तिनं त्याला हात जोडले आणि तशीच उभी राहिली. मघाशीच गेली असेल तर? आपण जिन्यात होतो तेवढ्यात गेली असेल तर? प्रत्येक रिक्षा गेली की तिला वाटे, हीच होती, पडद्याआड होती, आपल्याला दिसली नाही.

"महादेवपुरा! परसू!" ती ओरडू लागली. आयुष्यात ती रस्त्यावर कधी ओरडली नव्हती. "परसू! महादेवपुरा!"

साडेअकराला दोन मिनिटं असताना विमानतळाच्या बाजूनं आलेली एक रिक्षा करकचून थांबली. दोन्ही बाजूंना चादरी लावलेल्या होत्या. चादर बाजूला करून एका मिशीवाल्या माणसानं डोकं बाहेर काढलं.

"मी परसू. कोण पायजे?"

"चौकशी केंद्रातली कावेरी. जयनगरला जाऊ नका. तिथं पेटी नाही."

"न्हाई? अवो, डागदर तर म्हणाले एक हाय!"

"नाही. फ्रेझर टाउनला आहे. चला, मला बसू द्या."

आत एक म्हातारी बसली होती, गंगव्वा. बाळाची आजी. मांडीवर कापसाचं गाठोडं, त्याच्या दोन्ही बाजूंना गरम पाणी भरलेल्या सलाईनच्या बाटल्या फडक्यात गुंडाळलेल्या. कापसातून सुपारीएवढा चेहरा तेवढा दिसत होता, निळसर. म्हातारी दर थोड्या वेळानं वाकून गाठोड्याला कान लावायची आणि मग मान हलवायची, आहे म्हणून. कावेरीनं हलसूरच्या आतल्या गल्ल्यांतून रिक्षा नेली. एकदा म्हातारीनं कान लावला आणि मान हलवायला वेळ लावला. तेवढ्या वेळात कावेरीनं ठाऊक असलेल्या सगळ्या देवांची नावं घेतली. मग म्हातारीची मान हलली.

बाराला पाच कमी असताना बाळ पेटीत गेलं. तासाभरानं सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, रंग सुधारलाय, बघूया. गंगव्वा उठली आणि कावेरीच्या पायावर हात ठेवायला वाकली. कावेरी घाईनं मागं सरकली.

"नको, आज्जी, नको."

"तू रस्त्यात उबी ऱ्हायलीस, बाई. कोण उबं ऱ्हातंय?"

परसू भिंतीला टेकून बिडी काढायच्या बेतात होता, पाटी बघून त्यानं ती परत ठेवली. निपाणीकडचा, मोकळ्या मनाचा माणूस. संकट टळल्यावर माणूस बोलतो तसा तो बोलू लागला.

"नशीब बघा, अक्का. बारा दिसांमागं असंच एक बाळ जयनगरला नेलं मी. डागदरांनीच सांगितलं हुतं, एक हाय म्हणून. जाऊन बघतोय तर भरलेली. आमी म्हटलं, आमच्या आदी कोन तरी पोचलं आसंल. कुनाला दोष द्यायचा? तितनं दुसरीकडं निघालो, तर वाटंतच..." त्यानं हात झटकला. "पोरगी हुती. यल्लाप्पा गवंड्याची."

बारा दिवसांपूर्वी. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. कावेरी बाकावर बसली. गंगव्वा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, तिला वाटलं, बाई दमली.

दुपारी त्रिविक्रम ऑफिस सोडून आला. डॉक्टरांनी त्याला फोनवर काय सांगितलं होतं कोण जाणे, पण आज तो हसला नाही. कॉम्प्युटरपुढं बसून त्यानं शून्य दाबलं आणि ती किंकाळी ऐकली.

"कचरा दिला तरी शून्य आणि खरं शून्य दिलं तरी शून्य," तो म्हणाला. "मी दोघांनाही चूक ठरवलं. अक्का, मी तुम्हाला एकदा तरी नीट विचारायला हवं होतं."

"मी सांगायला हवं होतं," कावेरी म्हणाली.

यावेळी त्यानं घाई केली नाही. आधी दिलेलं एकेक अक्षर तपासायचं. सगळीच आकडे असतील तरच पुढं जायचं. काहीच दिलं नसेल तर पुन्हा विचारायचं. त्या नर्सिंग होममध्ये मुळात जेवढ्या पेट्या आहेत त्याहून मोठा आकडा आला तरी पुन्हा विचारायचं. आणि ओरडायचं नाही, काय चुकलं ते लिहून सांगायचं. शून्य हे उत्तर म्हणून घ्यायचं. त्यानं कावेरीला शेजारी बसवून मनात येईल ते दाबायला लावलं, दीड तास.

बिंदुमाधवांनी तिला काढलं नाही. जुन्या याद्यांची फाईल मात्र तिनं स्वतः त्यांच्याकडून मागून घेतली, आणि तिला हवा होता तो दिवस शोधून, वाचून परत केली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

रविवारी ती महादेवपुऱ्याला गेली. दोन बस बदलून. परसूनं पत्ता दिला होता: वीटभट्टीमागं, पत्र्याच्या शेडांची ओळ, तिसरं दार. रस्ताभर तिचे पाय मागं ओढत होते. परत जाणारी बस दोनदा समोरून गेली आणि दोनदा तिनं हात वर करता करता खाली घेतला. कुणी तिला बोलावलं नव्हतं. कुणाला काही कळलेलंही नव्हतं, कधी कळणारही नव्हतं. हीच गोष्ट तिला सहन होत नव्हती.

तिसऱ्या दारात एक तरुण बाई कपडे पिळत बसली होती. यल्लाप्पा कामावर गेला होता. बाईनं वर पाहिलं.

"कोन पायजे?"

कावेरीनं आपलं नाव सांगितलं. मग उभ्यानंच सगळं सांगितलं, फोन, यादी, मशीनचं ओरडणं, आपली भीती, तो खोटा एक. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं. बोलून झाल्यावर ती तशीच उभी राहिली. शिवी येईल, ओले कपडे अंगावर येतील, शेजारपाजार गोळा होईल, जे येईल ते घ्यायचं असं ठरवून आली होती.

बाईनं हातातलं लुगडं बादलीत ठेवलं. मग तिनं एकच विचारलं.

"त्या दिशी दुसरीकडं कुटं पेटी हुती काय, अक्का? खरी?"

नाही म्हटलं असतं तर त्या बाईला थोडं हलकं वाटलं असतं. कदाचित दोघींनाही. पण कावेरीनं त्या दिवसाची यादी पाहिली होती, फ्रेझर टाउनसमोरचा आकडा पाहिला होता.

"होत्या," ती म्हणाली. "दोन."